गौरम्माची पलटी

लातूर, २२ जून २०२५

प्रीतम,
जय भीम.

इथं क्लासच्या हॉस्टेलवर मोबाईल ठेवू देत नाहीत, म्हणून पत्र. रविवारी वॉर्डन मॅडमच्या फोनवरून आईशी बोलता येतं, पण मागं मुलींची रांग असते, आणि तू तर फोनवर येतच नाहीस. निघताना मी जे बोलले ते तुला लागलं, असं आई म्हणाली. मी एवढंच म्हणाले होते की माझ्यामागं गेमला हात लावलास तर हात मोडीन. त्यावर तू म्हणालास, 'तू जा डॉक्टर व्हायला, इथं आता तुझं काय राह्यलं.' ते कुणाला लागलं का, हे आईनं विचारलं नाही.

असो. कामाचं लिहिते. माझ्या खोलीत अहमदपूरची समीक्षा आहे. ती सांगते, जुलैत आपल्या 'आयर्न सर्कल' गेमचा तिसरा भाग येतोय. तिच्या भावाला तोच नाद आहे. म्हणजे तू आणणार, पप्पांना गोड बोलून आणणार. आण. भिंगरी तुझी आहे, तिला घेऊन हव्या तेवढ्या लाथा झाड. गौरम्माला मात्र हात लावायचा नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली झाली, मग माणूस मागून सावकाश चढला तरी चालतं. गौरम्मावर माझा रुमाल आहे.

समीक्षाला वाटलं, गौरम्मा म्हणजे आपल्या घरातली कुणी म्हातारी. मी तिला सांगितलं की गेममध्ये तिचं नाव ओट्रुडा की काय आहे. पण कमरेत वाकलेली, हातात लोखंडी काठी आणि चालण्यात अजिबात घाई नाही, हे बघून आपल्याला निलंग्याच्या मावशीच्या गल्लीतल्या गौरम्मा आठवल्या आणि तेच नाव पडलं. ती म्हणाली, 'मग इतकी मंद बाई घेऊन तू जिंकायचीस कशी?' मी तिला पलटीबद्दल सांगितलं. समोरच्याचा वार अंगावर पडतो नेमकं तेव्हा बटण दाबलं की त्याचा वार त्याच्यावरच उलटतो. जरा आधी दाबलं तर काठी हवेत फिरते, जरा उशीर झाला तर म्हातारी आडवी. समीक्षानं विचारलं, नेमकं कधी ते कसं कळतं. तूही हेच कितीदा विचारलंस. तुला सांगितलं नाही, तिला काय सांगणार.

डिसेंबरच्या जोडीच्या स्पर्धेत आपण दोघं आहोत, हे लक्षात ठेव. मागच्या वर्षी शेवटच्या सामन्यात हरलो ते तुझ्यामुळं. मी कशीही सुट्टी काढून येईन.

लुंबिनी


लातूर, १७ ऑगस्ट २०२५

प्रीतम,

तुझं पत्र मिळालं. एवढं थोडकं लिहायला दोन महिने लागले म्हणजे अक्षर सुधारायला हवं होतं, तेही नाही.

तू लिहितोस, 'गौरम्मा आता लई भारी झाली.' म्हणजे तू हात लावलास. बरं. काठी लांब झाली, उभ्या जागेवरून अर्ध्या रिंगणात पोचते. चालते कुठली, घसरतच जाते. आणि कंबर सरळ केली. हे मी तीनदा वाचलं. कंबर सरळ केली म्हणजे काय? मग तिच्यात आणि बाकीच्यांत फरक काय राहिला, पांढरे केस?

आपल्या भाग्यनगरच्या गेम पार्लरमधली सगळी पोरं आता तिलाच घेतात, हे तू आनंदानं लिहिलंस की मला चिडवायला, ते कळलं नाही. ही तीच पोरं, जी मी तिला निवडल्यावर म्हणायची, 'आली बघ दवाखान्यातून उठून.' तिचा हात पोचत नव्हता, पाय उचलत नव्हता, तेव्हा तिच्याजवळ कोण होतं? आता कंपनीनं तिला चांगलं केलं तर सगळे नातेवाईक गोळा झाले.

पलटीचं तू काहीच लिहिलं नाहीस. पुढच्या पत्रात आधी ते लिही.

आणि शेवटी कागद संपता संपता लिहिलंस, 'दीपमाला तर गौरम्माला लई छान खेळती.' दीपमाला कोण?

लुंबिनी


लातूर, १४ सप्टेंबर २०२५

प्रीतम,

आजच फोनवर आईशी बोलले. तुझ्याहून जास्त बातम्या तिच्याकडं असतात.

दीपमाला तुझ्या बीसीएच्या वर्गात आहे. उमरीहून रेल्वेनं येते. कॉलेज दुपारी सुटतं, गाडी संध्याकाळी असते, म्हणून मधला वेळ आपल्या घरी बसते. 'पोरगी लई गुणाची हाय, नको म्हणलं तरी भांडे घासू लागती,' असं आई म्हणाली. मी घरी होते तेव्हा माझ्या भांडे घासण्यात आईला कधी गुण दिसला नव्हता. मी विचारलं, ती खेळताना कुठं बसते. आई म्हणाली, 'खुर्चीवर बसती, आन् कुठं?' कोणत्या खुर्चीवर? 'आगं तुझ्याच, लाल. ती काय झिजून राह्यली का तिच्या बसण्यानं?' मागच्या मुलीनं खांद्याला हात लावला म्हणून फोन ठेवला.

मला राग आलेला नाही. खुर्ची प्लास्टिकची आहे.

तुझ्या पत्रात उत्तर मिळालं. पलटी काढून टाकली. 'कुणाला जमतच नव्हती म्हणून काढली असंल,' असं तू लिहितोस. मला जमत होती. नांदेडात एकीला जमत होती हे त्या कंपनीला कुणी कळवणार नव्हतं, ते मला मान्य आहे. पण मग दीपमाला खेळते ती गौरम्मा नाही. लांब काठीची कुणी तरणी बाई आहे, तिला आपल्या गौरम्माची साडी नेसवली आहे. त्या बाईला घेऊन कुणीही जिंकेल. आईसुद्धा जिंकेल.

इथंही तेच चाललंय. मेडिकलच्या मागच्या परीक्षेत फिजिक्सनं सगळ्यांना रडवलं आणि माझं फिजिक्स त्यातल्या त्यात बरं होतं. म्हणून यंदा मी फिजिक्सच्या जोरावर इथं आले. आता सर सांगतात, यंदा ते सोपं काढतील, फरक बायोलॉजीत पडेल. म्हणजे जे मी कष्टानं कमावलं ते सगळ्यांना फुकट मिळणार, आणि मी पुन्हा वनस्पतींची नावं पाठ करत बसणार. समीक्षा खूश आहे. तिचं बायो पक्कं आहे. दोन दिवस झाले, मी तिच्याशी कमीच बोलते.

डिसेंबरच्या जोडीत कुणाचं नाव दिलंस ते सरळ लिही.

लुंबिनी


निलंगा, २३ ऑक्टोबर २०२५

प्रीतम,

तू सरळ लिहिलंस. 'तू येशील का न्हाई ह्याचा भरोसा न्हाई, नावं तर आत्ताच द्यायची होती, म्हणून दीपमालाचं दिलं.' बरोबरच आहे. मी तुझ्या जागी असते तर मीही हेच केलं असतं. नसतं केलं, पण असू दे.

दिवाळीच्या सुट्टीत नांदेडला न येता मावशीकडं आले, कारण लातूरहून निलंगा जवळ पडतं. आईला हेच सांगितलंय आणि तूही हेच सांग. आज गल्लीत घराघरांत भाऊबीज आहे. आपल्याकडं नसते ते बरं.

गौरम्मांना भेटले. त्या आता काठी घेत नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून काठी कोपऱ्यात आहे आणि शेळ्या विकून टाकल्या. पण आवाज असा झालाय की मोटारसायकलवाले त्यांच्या दारासमोर आपोआप हळू होतात. आधी आवाज नव्हता, माझ्या आठवणीत तरी त्या कधी ओरडल्या नाहीत. मावशी म्हणाली, 'हातातलं गेलं ते गळ्यात आलं.'

मला बघून कानडीत म्हणाल्या, 'बा, कुंद्रु,' म्हणजे ये, बस, आणि जिन्याच्या पायरीवर हात फिरवून जागा केली. मग विचारलं, तम्मा का नाही आला. त्यांच्या तोंडी तू अजून तम्माच आहेस, धाकटा. मी म्हटलं, त्याला वेळ नाही. 'घरी एकटाच हाय का मग?'

मी म्हटलं, 'नाही. एकटा नाही.'

त्यांनी अर्धी करंजी माझ्या हातावर ठेवली.

लुंबिनी


लातूर, ४ डिसेंबर २०२५

प्रीतम,

मी येतेय. कशी ते वाच, आणि आईला सांगू नकोस.

मुलींना बाहेरून आलेलं पत्र वॉर्डन मॅडम आधी उघडतात. प्रेमपत्र असेल तर थेट घरी कळवतात. तुझं परवाचं पत्र त्यांनी उघडलं. तू लिहिलं होतंस, 'गौरम्माचं आता काही खरं न्हाई. हात पोचत न्हाई, पाय उचलत न्हाई, जराशा धक्क्यानं आडवी होती. सगळ्यांनी सोडलं तिला. चौदा तारखेला ये, एकदा बघून जा.'

मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं, दार लोटलं आणि खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीवर इथं कुणी मुलगी बसलेली मी पाहिली नाही. विचारलं, 'कोण लागतात या तुझ्या?' मी म्हटलं, 'आजीसारख्या आहेत.' म्हणाल्या, 'अशा वेळी सगळे सोडून जातात ग.' आणि चौदाच्या आदल्या दिवशीपासून सुट्टी लिहून दिली. जाताना नारळपाणी घेऊन जा, म्हाताऱ्या माणसाला उतरतं, असंही सांगितलं. मी मान हलवली. निलंग्याच्या गौरम्मांना हे कळलं तर त्यांचा आवाज लातूरपर्यंत येईल.

तर कंपनीनं नवा अपडेट काढला आणि तिची काठी पुन्हा आखूड केली. चाल मंद केली. लोक फार जिंकायला लागले म्हणून. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. त्या दिवशी मेसची भाजी कशाची होती ते आठवत नाही, पण भाकरी जास्त खाल्ली. आता पार्लरमधले नातेवाईक दुसरं दार बघतील. तुझी ती गुणाची पोरगीही बघेल. लांब काठीवर शिकलेलीला आखूड काठी कशी पेलणार?

मागच्या पानावरचं मॅडमनी वाचलं नव्हतं, ते मी खोलीत येऊन वाचलं. 'एक जुनं बटण परत दिलंय म्हणत्यात, तुझी पलटीच असंल. हितं कुणाला जमंना. दीपमालाला सांगशील का, कधी दाबायचं?'

तीच आहे की दुसरं काही, हे गेम बघितल्याशिवाय मला इथून कसं सांगता येईल?

पप्पा सहा तारखेला मुंबईला जाणार असतील. मी यायच्या आत परत येतात ना, तेवढं बघ.

लुंबिनी


लातूर, १६ डिसेंबर २०२५

प्रीतम,

पोचले. लोह्यापासून बसायला जागा मिळाली. मॅडमनी फाटकातच विचारलं, 'कशा आहेत आता?' मी म्हटलं, 'तशाच आहेत. पण धीराच्या आहेत.'

मी निघताना तू स्टँडवर आला नाहीस. आईनं डबा दिला, पप्पांनी पिशवी उचलली, तू घरात झोपल्याचं सोंग करत होतास. म्हणून जे तोंडावर बोलायचं ते लिहिते.

मी आले तेव्हा दीपमाला लाल खुर्चीत होती. मला बघून लगेच उठली आणि ओढणीनं खुर्ची पुसली. बसून राहिली असती तर मला भांडता आलं असतं. ती जमिनीवर बसली आणि मला ताई म्हणाली. आई चहा टाकताना तिला विचारते, साखर किती. मला विचारलं नाही. मला किती लागते ते आईला माहीत आहे म्हणून विचारलं नसेल. पण विचारलं नाही.

मला वाटलं होतं, ती गौरम्माला सोडून दुसरी कुणी घेईल. तूही तिला तेच सांगत होतास, मी ऐकलं. 'हिच्यात काही राह्यलं न्हाई, दुसरी घे, आजून येळ हाय.' ती म्हणाली, 'राहू दे ना. हात बसलाय हिच्यावर.' आणि पुन्हा हरली. पुन्हा तिलाच निवडली.

रविवारी स्पर्धेच्या मंगल कार्यालयात पोचल्यावर तू मला बाजूला घेतलंस आणि म्हणालास, 'ताई, नाव बदलून देतो. चालतं म्हणत्यात. तू बस.' मला सराव नाही, असं मी म्हटलं. ते खरंच होतं. सहा महिने माझ्या हातात पेनाशिवाय काही नव्हतं. बसले असते आणि हरले असते तर तू काय म्हणाला असतास?

तू तुझा डाव जिंकलास. भिंगरी चांगली चालली, कबूल. दीपमालाचा डाव सुरू झाला आणि मी मागच्या रांगेत उभी राहिले, कारण पुढं खुर्च्या रिकाम्या नव्हत्या. त्या हिंगोलीच्या पोरानं तिला कोपऱ्यात घातलं. ती पलटीचं बटण दाबत होती आणि दर वेळी काठी हवेत फिरत होती. आधी, आधी, फार आधी. लोक हसले. पार्लरमधला एकजण म्हणाला, 'आजी डास मारून राह्यली.' ती पडली तेव्हा तू पडद्याकडं न बघता माझ्याकडं बघितलंस. का बघितलंस?

मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते, असं तू घरी आईला सांगितलंस. मी काही पुटपुटत नव्हते.

सामन्याआधी दाराशी ती मला काहीतरी विचारत होती, ते तू ऐकलंस का? ऐकलं नसशील तर बरं. ऐकलं असशील तर तिला जे सांगितलं ते तुलाही सांगते, की सहा महिन्यांत माणूस विसरतं.

तिच्या उमरीच्या घराचा पत्ता पाठव. कशाला ते विचारू नकोस. पाठव.

लुंबिनी


लातूर, २८ डिसेंबर २०२५

दीपमाला,
जय भीम.

हे पत्र बघून तुझ्या घरचे विचारतील, लातूरहून कुणाचं आलं. सांग, प्रीतमच्या बहिणीचं. पण आतलं प्रीतमला दाखवायचं नाही.

मंगल कार्यालयाच्या दाराशी तू मला विचारलंस, 'ताई, पलटी कधी दाबायची? प्रीतम म्हणतो, तुम्हालाच यायची.' मी म्हटलं, 'आता काही आठवत नाही. अभ्यासात सगळं विसरून राहिले.' तू मान हलवलीस आणि आत गेलीस. मला सगळं आठवत होतं. मी मागं उभी राहून तुझ्यावर पडणाऱ्या प्रत्येक वाराला मनात बटण दाबत होते आणि एकही चुकत नव्हतं. तू हरावीस म्हणूनच मी तिथं उभी होते. तू हरलीस आणि मला वाटलं होतं तसं काही वाटलं नाही.

काठी लांब होती तेव्हा सगळे तिच्यामागं लागले, आखूड झाल्यावर सगळ्यांनी सोडली. तू सोडली नाहीस. तू माझ्या खुर्चीत बसतेस, आईच्या हातचा चहा पितेस, प्रीतमशी जोडी लावतेस, या सगळ्याहून मला याचा राग जास्त आला. सोडली असतीस तर मला रात्री नीट झोप लागली असती.

आता लक्ष देऊन वाच.

समोरच्याच्या हाताकडं बघू नकोस. हात फसवतो. या गेममध्ये कुणीही असो, वार करायच्या आधी मागचा पाय टेकवतो. तिन्ही भागांत तेवढं एक बदललेलं नसणार असं मला वाटलं होतं, आणि तुझा डाव बघताना खात्री झाली. तुझ्या गौरम्माकडंही बघू नकोस. तिचं काय व्हायचं ते होईल. पाय बघ.

पाय टेकला की लगेच दाबायचं नाही. तू तिथंच चुकतेस. तुला भीती वाटते आणि तू आधी दाबतेस. पाय टेकला की मनातल्या मनात 'हाव' म्हणायचं. कुणी जेवायला हाक मारल्यावर आपण आतून म्हणतो तसं, जरा लांबवून. 'हाव' तोंडात संपला की बोट खाली. 'हो' म्हणून बघितलं मी, ते तोकडं पडतं. इथं क्लासमध्ये 'हाव' म्हटलं की मुली हसतात, म्हणून मी दिवसभर 'हो' म्हणते. पण पलटीला 'हाव'च लागतो. तू उमरीची आहेस, तो किती लांबवायचा हे तुला शिकवावं लागणार नाही.

पहिले काही दिवस पडशील. प्रीतम म्हणेल, दुसरी घे. त्याचं ऐकू नकोस, त्याला थांबणं म्हणजे काय ते माहीत नाही.

मेमध्ये माझी परीक्षा आहे. ती झाली की मी घरी येते. तू गौरम्मा घे, मीही गौरम्माच घेईन. दोघींनी एकच घेतली की जरा वेळ कुणीच हलत नाही, लोक कंटाळून उठून जातात, तेव्हा खरा डाव सुरू होतो.

आणि मला ताई म्हणू नकोस. जिच्यासमोर बसून जिला पाडायचं असतं, तिला कुणी ताई म्हणत नाही.

लुंबिनी